रुतलेला स्क्रू आणि त्याच्या टोकाची सुई

मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कच्या माथ्यावर, फोर्कच्या तळाशी किंवा मागच्या शॉक ॲबसॉर्बरच्या खालच्या कानाजवळ जो खाचेचा छोटा स्क्रू दिसतो, तो दोन भाग आवळून धरण्यासाठी बसवलेला नसतो. त्याचे काम नळाच्या तोटीचे, म्हणजे आत वाहणाऱ्या तेलाची वाट कमीजास्त करण्याचे असते, आणि म्हणूनच त्याचे आटे बारीक, खाच उथळ, धातू बहुधा पितळ किंवा ॲल्युमिनिअमसारखा मऊ आणि टोकाशी असलेली सुई नाजूक असते. असा स्क्रू रुतून बसला की गॅरेजमध्ये त्याच्यावर सहसा तेच उपाय होतात जे चाकाच्या आसाच्या नटावर किंवा सायलेन्सरच्या बोल्टवर होतात, म्हणजे आधी लांब दांड्याचा पाना, मग हातोडी आणि शेवटी गॅसची ज्योत. या उपायांनी नट सुटतो, समायोजनाचा स्क्रू मात्र बहुधा बिघडतो, कारण नटाच्या मागे बिघडण्यासारखे काही नसते, तर या स्क्रूच्या मागे सुई, सुईची बैठक, रबराचे कडे आणि पुष्कळदा दाबाखालचे तेल असते. बंद नळ आणखी पिळून बंद करण्याची सवय असलेल्या घरात तोटीचा वायसर जसा वारंवार बदलावा लागतो, तसाच प्रकार येथेही घडतो, फरक एवढाच की येथला वायसर बाजारात सुटा मिळत नाही.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी आतली रचना डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते, परंतु झेललेली ऊर्जा ती परत करते, आणि तिला आवर घातला नाही तर मोटारसायकल एका खड्ड्यानंतर बराच वेळ वरखाली हेलकावत राहते. हा आवर घालण्याच्या क्रियेला डॅम्पिंग म्हणतात (शास्त्रीय परिभाषेत अवमंदन), आणि ती घडते दट्ट्यातील छिद्रांतून व त्यांच्यावर बसवलेल्या पातळ पोलादी चकत्यांच्या फटींतून तेल जबरदस्तीने जाते तेव्हा. स्प्रिंग दबत असताना होणाऱ्या अवरोधाला कंप्रेशन डॅम्पिंग आणि ती पुन्हा उलगडत असताना होणाऱ्या अवरोधाला रिबाउंड डॅम्पिंग असे म्हटले जाते. या मुख्य वाटेला समांतर अशी एक बारीक आडवाट ठेवलेली असते, तिच्या तोंडाशी निमुळत्या टोकाची सुई असते, आणि बाहेरचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की ही सुई छिद्रात अधिक शिरून वाट अरुंद करते, त्यामुळे तेल अडते व सस्पेन्शनची हालचाल मंदावते. स्क्रू किती फिरला हे कळावे म्हणून त्याच्या मानेवर खाचा पाडून त्यांच्यावर स्प्रिंगच्या जोराने एक बारीक पोलादी छर्रा टेकवलेला असतो, जो प्रत्येक खाचेत पडताना ‘टक्’ असा आवाज होतो. या एका टप्प्याला सर्वत्र क्लिक म्हणतात, आणि क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून बाहेरच्या दिशेने मोजतात.

फोर्कमध्ये स्क्रू माथ्यावर आणि सुई खोल तळाकडे, अशी स्थिती असल्यामुळे दोहोंमध्ये पोकळ दांड्यातून गेलेली एक लांब सळई असते. मागच्या शॉकमध्ये रिबाउंडचा स्क्रू खालच्या कानात बहुधा आडवा बसवलेला असतो, त्याचे टोक शंकूसारखे असते आणि तो आत सरकला की त्या उतारावर चढून आतली सळई वर ढकलली जाते. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, हा तिसरा प्रकार वेगळा आहे. तेथे सुई वगैरे काही नसते, फक्त स्प्रिंग आवळली जाते, आणि फोर्कच्या माथ्यावर पुष्कळदा बाहेरचे षट्कोनी बोंड प्रीलोडचे व त्याच्या पोटातला स्क्रू रिबाउंडचा, अशी दोहोंची एकात एक बैठक असते.

भारतात रोजच्या वापराच्या बहुतेक मोटारसायकलींना मागच्या शॉकवरचे, आकड्याच्या पान्याने फिरवायचे पायऱ्यांचे कडे एवढेच समायोजन असते, त्यामुळे डॅम्पिंगचे स्क्रू हा प्रकार दीर्घकाळ महागड्या आयात गाड्यांपुरता राहिला. अलीकडे तो मध्यम किमतीच्या गाड्यांत उतरला आहे, उदाहरणार्थ चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या २०२३ साली आलेल्या पिढीत पुढच्या फोर्कला कंप्रेशन व रिबाउंड दोन्ही बदलता येतात. त्यामुळे रुतलेल्या स्क्रूचा प्रश्नही आता साध्या गॅरेजच्या दारात येऊन पोहोचला आहे, जेथे पाने व हातोड्या मुबलक आहेत आणि या स्क्रूची ओळख मात्र नवी आहे.

स्क्रू रुततो तो बहुतेक वेळा न फिरवल्यामुळे. मालक गाडी घेतो, पुस्तिकेतला सस्पेन्शनचा भाग चाळतो किंवा चाळतही नाही, आणि दोन-तीन पावसाळे स्क्रू एकाच जागी उभा राहतो. या काळात फोर्कच्या टोपणाचे ॲल्युमिनिअम आणि स्क्रूचे पितळ किंवा पोलाद यांच्या फटीत पाणी साचते, त्या पाण्यात क्षार असले की दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामधला विद्युतवाही द्रव मिळून एक सूक्ष्म विद्युतघटच तयार होतो, आणि या जोडीत अधिक क्रियाशील असणारे ॲल्युमिनिअम झिजू लागते. या प्रक्रियेला गॅल्व्हानिक क्षरण म्हणतात. तिच्यातून तयार होणारा पांढरा भुकटीसारखा पदार्थ मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, आणि आधीच केसाएवढ्या असलेल्या फटीत तो पाचरीसारखा ठासून बसतो. ॲल्युमिनिअमवर रंगीत ॲनोडायझिंगचा कठीण थर असतो तोपर्यंत त्याला संरक्षण मिळते, पण चुकीच्या पान्याचा एक ओरखडाही तो थर भेदायला पुरतो. शिवाय पोलादी छर्रा आपल्या भोकात गंजून खाचेला चिकटतो, आणि पितळही आपल्या परीने हिरवे कळंक धरते, ज्याचा अनुभव कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट ठेवणाऱ्या प्रत्येक घराला आहे.

खारी हवा हे याचे सर्वांत मोठे कारण असल्याने मुंबईपासून रत्नागिरी, मालवण, गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील गाड्यांना हा त्रास देशावरील गाड्यांपेक्षा लवकर होतो, आणि पुळणीवर गाडी चालवून ती तशीच उभी करणाऱ्यांना तर हमखास होतो. इंग्लंडसारख्या थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ पसरतात, त्यामुळे तेथे राहणाऱ्या मराठी चालकांना समुद्र दूर असूनही हेच भोगावे लागते. वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा हे दुसरे कारण होय, कारण एरवी रबराच्या कड्यापाशी थांबणारे पाणी तो चिखलासकट पुढे ढकलतो, आणि मागच्या शॉकचा खालचा स्क्रू तर चाकाने उडवलेल्या चिखलाच्या मार्गातच बसलेला असतो. तिसरे कारण माणसाच्या हाताचे: स्क्रू पूर्ण बंद करताना शेवटी जोर लावला की सुईचे निमुळते टोक बैठकीत पाचरीसारखे अडकते, आणि अशा स्क्रूला गंजाची लागण नसतानाही तो रुतल्यासारखा वाटतो.

म्हणून पहिला प्रश्न स्क्रू खरोखर रुतला आहे का, हा असावा. स्क्रू फिरतो पण क्लिक ऐकू येत नाहीत, तर छर्रा गंजला आहे किंवा त्याची स्प्रिंग मोडली आहे, डॅम्पिंगचे काम मात्र कदाचित व्यवस्थित चालू असेल. स्क्रू कोठेही न अडता फिरतच राहतो, तर आटे गेले आहेत किंवा आतला जोड तुटला आहे, आणि त्यावर खोलण्यावाचून उपाय नाही. स्क्रू नीट फिरतो, क्लिकही होतात, तरी गाडीच्या वागण्यात फरक पडत नाही, अशा वेळी आतली सळई दांड्याच्या पोकळीत चिकटल्याची शक्यता मोठी असते, कारण स्क्रू सळईला ढकलू शकतो पण बहुतेक रचनांत ओढून परत आणू शकत नाही. खोगिरावर जोर देऊन गाडी दाबावी आणि ती किती वेगाने वर येते हे स्क्रूच्या दोन्ही टोकांच्या स्थितींत पाहावे; फरक जाणवला नाही तर दोष स्क्रूच्या पलीकडे आहे. दोन्ही दिशांना अजिबात न हलणारा स्क्रूच खऱ्या अर्थाने रुतलेला म्हणावा, आणि पुढील विवेचन त्याच्यापुरते आहे.

अशा गाडीची घाई करण्याचे कारण नसते. स्क्रू मधल्या एखाद्या स्थितीत रुतला असेल तर गाडी चालवण्यास सहसा धोकादायक होत नाही, फक्त ती त्या एका स्थितीत अडकून राहते. फोर्कच्या दोन पायांपैकी एकाचा रिबाउंड स्क्रू अडकला आणि दुसऱ्याचा फिरता राहिला तरीही दोन्ही पाय आसाने जोडलेले असल्यामुळे त्यांचा अवरोध एकत्रित काम करतो, आणि अनेक फोर्कमध्ये तर एका पायात फक्त कंप्रेशन व दुसऱ्यात फक्त रिबाउंड अशीच विभागणी मुळात केलेली असते. लांबच्या सहलीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढणे हा मात्र सर्वांत वाईट मुहूर्त होय, कारण या कामात हाताच्या जोराला फारसे मोल नाही. लागतात ते तीन-चार दिवस.

कामाची सुरुवात धुण्याने आणि कोरण्याने करावी. मऊ ब्रशने व साबणाच्या पाण्याने भोवतालचा चिखल काढल्यावर स्क्रूच्या माथ्याभोवतीच्या गोल फटीतला पांढरा थर दात कोरण्याच्या काडीने किंवा बांबूच्या टोकदार कामटीने खरवडावा. पोलादी दाभण वापरले तर ॲनोडायझिंग ओरखडते आणि पुढच्या क्षरणाला दार उघडे होते. हे कोरण्याचे काम किरकोळ समजले जाते, परंतु अनेक फोर्कमध्ये आटे रबराच्या कड्याच्या आतल्या बाजूला, तेलाने ओलसर राहणाऱ्या भागात असतात, आणि गंज धरतो तो कड्याच्या वरच्या, हवेला उघड्या असलेल्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यात, त्यामुळे हा पट्टा स्वच्छ झाला की निम्मी लढाई तेथेच संपते. पंक्चरवाल्याकडील हवेचा झोत मारायचा असेल तर तो तिरका, बाहेरच्या दिशेने मारावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. पातळ केलेल्या व्हिनेगरने पांढरा थर विरघळतो हे खरे, पण तेच आम्ल उघड्या ॲल्युमिनिअमलाही खाते आणि धुवायचे राहिले तर फटीत स्वतःच विद्युतवाही द्रव बनून बसते, त्यामुळे काही मिनिटांपलीकडे ते ठेवू नये आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन भाग कोरडा करावा.

त्यानंतर फटीत शिरणारे पातळ तेल सोडावे, ज्याला बाजारात पेनिट्रेटिंग ऑइल म्हणतात. निळ्या-पिवळ्या डब्यातले डब्ल्यूडी-४० हे नाव सर्वांच्या तोंडी असले तरी १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे ते मुळात पाणी हटवण्यासाठी तयार झाले, आणि त्याचे नावही त्याच कामावरून व चाळिसाव्या प्रयत्नावरून पडले. किरकोळ जाम झालेल्या स्क्रूला ते चालते, परंतु जुन्या गंजासाठी त्याच कंपनीचे किंवा इतरांचे खास पेनिट्रेटिंग प्रकारचे तेल अधिक उपयोगी पडते. डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळण्याची गॅरेजमधली जुनी पद्धतही टाकाऊ नाही. ॲसिटोन आणि ट्रान्समिशनचे तेल समप्रमाणात मिसळण्याचा जो उपाय मोठ्या बोल्टसाठी प्रसिद्ध आहे, तो मात्र येथे वर्ज्य मानावा, कारण फोर्कमधली कडी बहुधा नायट्राइल रबराची असतात आणि ॲसिटोनने ते रबर फुगते व निकामी होते.

तेल जागेवर टिकले पाहिजे, आणि येथेच बहुतेकांचा प्रयत्न वाया जातो. माथ्यावरच्या स्क्रूभोवती शाडूचे किंवा घट्ट मळलेल्या कणकेचे, झाडाभोवती करतात तसे, छोटे आळे करून त्यात तेलाचे काही थेंब साठवले की तेल रात्रभर फटीत झिरपत राहते. फोर्कच्या तळाचा स्क्रू जमिनीकडे तोंड करून असतो, तेथे आळे करता येत नाही, म्हणून तेलात भिजवलेला कापसाचा बोळा त्याच्यावर दाबून वरून प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने बांधावा. मागच्या शॉकच्या बाबतीत, तो गाडीतून काढणे शक्य असेल तर काढून, स्क्रू वर येईल असा आडवा ठेवणे सर्वांत चांगले. या साऱ्यात एक सावधगिरी अशी की फोर्कच्या तळाजवळच ब्रेकची डिस्क आणि पॅड असतात, तेथे तेलाचा एक थेंबही पोहोचता कामा नये. डिस्कला आधीच प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि काम संपल्यावर ती ब्रेक क्लीनरने पुसून मगच गाडी रस्त्यावर आणावी. तेल दिवसातून दोनदा, असे दोन ते तीन दिवस द्यावे, आणि या दिवसांत स्क्रूला पेचकस लावण्याचा मोह टाळावा.

पेचकसाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण रुतलेले स्क्रू गंजामुळे जितके बाद होतात तितकेच चुकीच्या पात्यामुळे होतात. सर्वसाधारण पेचकसाचे पाते टोकाकडे निमुळते असते, त्यामुळे ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते आणि जोर वाढताच घसरून त्या कडा खाऊन टाकते. ज्याच्या पात्याच्या दोन्ही बाजू टोकापाशी समांतर आहेत, ज्याची रुंदी स्क्रूच्या माथ्याइतकी आणि जाडी खाचेइतकी आहे, असाच पेचकस घ्यावा, आणि तसा मिळाला नाही तर जाड पात्याचा जुना पेचकस कानशीने घासून त्या खाचेसाठी मुद्दाम बनवावा. अर्ध्या तासाचे हे काम पुढचे कित्येक हजार रुपये वाचवते. पाते खाचेत उभे, अगदी लंब बसले पाहिजे. पुष्कळ गाड्यांत हँडल माथ्यावरच्या स्क्रूच्या आड येते आणि पेचकस तिरका धरावा लागतो. अशा वेळी हँडलचे क्लॅम्प सोडून ते बाजूला करण्याचा कंटाळा करू नये. मूठ मात्र जाड असू नये. बोटांच्या चिमटीने फिरवायच्या पातळ मुठीच्या पेचकसाने जितका पीळ देता येतो तितका या स्क्रूसाठी पुरेसा समजावा, कारण हाताला त्यातून आतली हालचाल जाणवते, जाड मुठीत किंवा टी आकाराच्या दांड्यात ती जाणीव हरवते.

रिबाउंडचा स्क्रू प्रीलोडच्या षट्कोनी बोंडाच्या पोटात असेल तर बोंड योग्य मापाच्या पान्याने स्थिर धरूनच आतला स्क्रू फिरवावा. तसे केले नाही तर रुतलेला स्क्रू बोंडालाच सोबत घेऊन फिरतो, बघणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात फक्त प्रीलोड बदलतो.

पहिला पीळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने द्यावा. स्क्रू कोणत्या स्थितीत रुतला आहे हे ठाऊक नसते, आणि तो बंद टोकाजवळ असेल तर आतल्या दिशेचा सगळा जोर सुई व तिच्या बैठकीवर पडतो. उलट दिशेने हलका पीळ देऊन तो काही सेकंद तसाच धरून ठेवावा, मग सोडावा, पुन्हा द्यावा, आणि याचबरोबर दुसऱ्या कोणी टोपणाच्या कडेवर (स्क्रूवर नव्हे) लाकडी मुठीने हलके ठोके द्यावेत, ज्यांच्या कंपनाने तेल फटीत पुढे सरकते. किंचित जरी हालचाल जाणवली तरी पुढे रेटू नये, तेवढेच परत मागे फिरवावे, थेंबभर तेल सोडावे आणि मग पुन्हा थोडे पुढे जावे. पाव फेऱ्याने सुरुवात झाली तर ती मोठी प्रगती मानावी. अशा मागेपुढे हालचालीने भुकटी तेलात कालवली जाऊन बाहेर येते, तर एकाच दिशेने रेटल्यास तीच भुकटी आट्यांत दळली जाऊन स्क्रू पहिल्यापेक्षा घट्ट होतो. फटीतून करडे किंवा पांढरट तेल बाहेर येऊ लागले की काम योग्य मार्गावर आहे असे समजावे.

तेलाने भागले नाही तर उष्णतेची मदत घ्यावी, मात्र तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे आधी मोजून पाहावे. तापमानात एक अंश सेल्सिअस वाढ झाली की ॲल्युमिनिअम आपल्या लांबीच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे २३ भागांनी, पितळ १९ भागांनी आणि पोलाद १२ भागांनी प्रसरण पावते. आठ मिलिमीटर व्यासाच्या भोकात तेवढाच पोलादी स्क्रू असेल आणि दोन्ही ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापवले, तर भोक स्क्रूपेक्षा सुमारे पाच मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या पाच सहस्रांशांनी अधिक मोठे होते. स्क्रू पितळेचा असेल तर हा फायदा जेमतेम दोन मायक्रॉनचा उरतो. म्हणजे पोलादी स्क्रूला उष्णता खरोखर सैल करते, पितळी स्क्रूच्या बाबतीत मात्र तिचा खरा उपयोग वारंवार तापण्या-निवण्याने गंजाचा थर भेगाळण्याचा आणि तेल आत ओढले जाण्याचा आहे. म्हणून एकदाच खूप तापवण्यापेक्षा पाच-सहा वेळा माफक तापवून निवू द्यावे आणि प्रत्येक वेळी निवताना तेल सोडावे. टोपण गरम असताना स्क्रूच्या माथ्यावर बर्फाचा खडा टेकवला तर दोहोंतला फरक आणखी वाढवता येतो.

उष्णतेसाठी उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेले फडके किंवा केस वाळवण्याचे यंत्र पुरते, कारण नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंतच सुरक्षित राहते. तापवलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा, आणि थालीपिठाच्या तव्यावर होतो तसा चर्र आवाज आला तर मर्यादा ओलांडली आहे असे समजून थांबावे. ज्योतीचा वापर कोणत्याही स्थितीत करू नये. रबर जळणे हा त्यातला लहान धोका आहे. मागच्या शॉकमध्ये तेलाला फेस येऊ नये म्हणून सहसा दहा बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दहापट दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, तो तापून वाढतो, आणि दाबाखाली कोंडलेल्या तेलाशेजारी ज्योत नेणे हे कोणाही शहाण्या माणसाचे काम नव्हे. हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट पेचकसही बाजूला ठेवावा, कारण त्याचा प्रत्येक ठोका स्क्रूमधून थेट सुईवर जातो.

खाच खाल्ली गेली तर पुढचा मार्ग बदलतो. मोडका स्क्रू काढण्याचे उलट आट्यांचे साधन यात निरुपयोगी ठरते, कारण त्यासाठी आधी स्क्रूला भोक पाडावे लागते, मऊ पितळ त्या साधनाने फुगून आणखी घट्ट बसते, आणि ड्रिलची भुकटी जाते ती तेलात. फोर्कच्या बाबतीत शहाणपणाचा रस्ता म्हणजे माथ्याचे टोपणच बाहेर काढणे. त्यासाठी प्रीलोड शक्य तेवढा सैल करावा, पुढचे चाक जमिनीपासून उचलून गाडी भक्कम आधारावर ठेवावी, वरच्या क्लॅम्पचा बोल्ट आधी ढिला करावा आणि मगच टोपण फिरवावे, कारण आवळलेल्या क्लॅम्पमध्ये टोपणाचे आटे दाबले जातात. शेवटचे आटे सुटताना टोपणावर तळहाताने दाब ठेवावा, स्प्रिंग ते उसळवू शकते. टोपण आतल्या दांड्याला एका लॉकनटने बांधलेले असते, तो दोन पान्यांनी सोडवला की टोपण, स्क्रू व छर्रा हे सर्व हातात येते आणि ते कोमट तेलात दोन दिवस बुडवून ठेवता येते किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात धुता येते. सळईही याच वेळी ओढून बाहेर काढून स्वच्छ करावी. एवढे करूनही स्क्रू न सुटल्यास नवे टोपण बसवणे हा पराभव नव्हे, आणि फोर्क उघडला आहेच तर पुस्तिकेतल्या मापाने नवे तेल भरून घ्यावे.

मागच्या शॉकमध्ये ही मोकळीक नाही. त्याच्या खालच्या कानातला रिबाउंड स्क्रू किंवा शॉकला जोडलेल्या छोट्या टाकीवरचा कंप्रेशनचा गट्टू नायट्रोजन न सोडता उघडल्यास तेल व सुटे भाग दाबाने बाहेर उडतात, आणि पुन्हा वायू भरण्याचे साधन साध्या गॅरेजमध्ये नसते. तेल, कोरणे, माफक उष्णता आणि चिमटीचा पीळ एवढ्यावर तो सुटला तर उत्तम, अन्यथा शॉकची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडे सोपवावा. सुटत चाललेला स्क्रूही बाहेरच्या टोकाला अडला की तेथेच थांबावे, कारण तो अडथळा गंजाचा नसून स्क्रू निसटू नये म्हणून बसवलेल्या कड्याचा असतो.

स्क्रू मोकळा झाल्यावर तो हलक्या हाताने पूर्ण बंद करावा, म्हणजे बैठक लागल्याची पहिली जाणीव होताच थांबावे, आणि तेथून क्लिक मोजत बाहेर यावे. एकूण क्लिक पुस्तिकेतल्या संख्येपेक्षा बरेच कमी भरले तर आत अजून भुकटी आहे असे समजून तेल देणे आणि मागेपुढे फिरवणे चालू ठेवावे. मग गाडी दाबून आधी सांगितलेली चाचणी पुन्हा करावी. आतील पेनिट्रेटिंग तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, कारण ते काही दिवसांत उडून जाते आणि धातू उघडा पडतो, आणि फटीत सिलिकॉन ग्रीसचा पातळ लेप द्यावा, जे रबराला अपाय करत नाही व पाणीही अडवते. तांब्याचा जाम-प्रतिबंधक लेप गॅरेजमध्ये सहज मिळतो, पण ॲल्युमिनिअमच्या शेजारी तांबे ठेवणे म्हणजे खाऱ्या हवेत तोच विद्युतघट नव्याने उभारणे होय, म्हणून किनाऱ्यावरील गाडीला तो लावू नये.

पुढे दर तीन महिन्यांनी, आणि पावसाळा संपताच दसऱ्याला गाडी धुऊन पुसून पूजेला उभी केली जाते तेव्हा तर आवर्जून, प्रत्येक स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून परत मूळ क्लिकवर आणावा. मूळ क्लिकचा आकडा पुस्तिकेच्या कव्हरच्या आत पेन्सिलीने, कोणत्या पायाचा, कोणत्या कामाचा आणि कोणत्या तारखेचा हे लिहून ठेवला, तर पुढच्या वेळी तो स्क्रू कितव्या क्लिकवर होता हे आठवणीवर सोडावे लागत नाही.